मळसूत्र आणि पेचकस

मंडळी, आज ज्या हत्याराची हकीकत सांगणार आहे ते बहुतेक घरांत असते आणि हवे तेव्हा कधी सापडत नाही. कुकरची मूठ डगमगू लागते. आपण पेचकस शोधतो, तो मिळत नाही. मग भाजी चिरायची सुरी घेऊन तिचे टोक स्क्रूच्या खाचेत घालतो आणि जोर लावतो. सुरीचे टोक वाकते, खाचेचे काठ चेंदतात, स्क्रू होता तिथेच राहतो, आणि सुरी बिघडवल्याबद्दल घरात बोलणी खावी लागतात ती निराळीच.

आता यात दोष कोणाचा? सुरीचा तर नाहीच, ती बिचारी भाजीसाठी केलेली. आपल्या आळसाचा थोडा आहे. पण माझे म्हणणे असे की मोठा दोष त्या खाचेचा आहे. स्क्रूच्या माथ्यावरची ती सरळ खाच स्क्रू फिरवणाऱ्याच्या सोयीसाठी केलेलीच नाही. ती करणाऱ्याच्या सोयीची आहे. फिरवणाऱ्याची सोय पाहायला पुढे चारशे वर्षे लागली, आणि ज्याने ती पाहिली त्याचा स्वतःचा हात आधी कापला गेला. ती गोष्ट पुढे येईल.

आधी नावाचे पाहू. कोणी पेचकस म्हणतो, कोणी स्क्रू ड्रायव्हर, आणि मुंबईकडच्या काही कारागिरांच्या तोंडी 'डिसमिस' हा शब्दही ऐकू येतो. 'पेच' हा फारसीतून आलेला शब्द. अर्थ पीळ किंवा वळण. पतंगाचा पेच, कुस्तीतले डावपेच, पेचात सापडलेला माणूस, ही सगळी मंडळी एकाच घराण्यातली. आपला जुना शब्द मळसूत्र. बायकांच्या कुडीची फिरकी ज्या आट्यांवर बसते ते मळसूत्र. प्रवासात पाणी न्यायचा फिरकीचा तांब्या ज्या झाकणाने घट्ट बंद होतो तेही मळसूत्रच. म्हणजे सोनाराला आणि तांबटाला ही विद्या ठाऊक होती. सुताराचे मात्र तिच्यावाचून अडत नव्हते. जुन्या वाड्यांतले लाकूडकाम पाहा. एका लाकडाला कुसू, दुसऱ्याला खाच, दोन्ही एकमेकांत बसवून वर खुंटी ठोकलेली. स्क्रू शोधून सापडायचा नाही.

शिक्षक मित्रांनी इथे वर्गात एक छोटा प्रयोग करावा. कागदाचा काटकोन त्रिकोण कापावा, त्याची उभी बाजू पेन्सिलीला चिकटवावी आणि कागद पेन्सिलीभोवती गुंडाळत जावा. त्रिकोणाची तिरपी कड वळसे घेत पेन्सिलीवर चढताना दिसेल. हेच स्क्रूचे आटे. आपल्या घाटांतली सडक अशीच चढते. भरली गाडी घेऊन बैल उभ्या कड्यावर चढणार नाहीत, पण तीच उंची लांबच्या वळणावळणाच्या वाटेने बेताबेताने गाठतात. स्क्रू म्हणजे लोखंडी दांडीला गुंडाळलेला घाट होय.

हिशोबही सोपा आहे. पेचकसाच्या मुठीचा घेर ९ सेंटिमीटर धरा आणि एका फेऱ्यात स्क्रू २ मिलिमीटर आत जातो असे धरा. हात ९० मिलिमीटर फिरला तेव्हा स्क्रू २ मिलिमीटर सरकला. म्हणजे कागदावर आपला जोर पंचेचाळीस पट झाला. प्रत्यक्षात यातला बराच मोठा वाटा घर्षण खाऊन टाकते. पण घर्षणाला नावे ठेवू नका. ते नसते तर बसवलेला स्क्रू आपणच उलटा फिरून बाहेर आला असता. या हिशोबातून आणखी एक गोष्ट कळते. जोर वाढतो तो मुठीच्या जाडीने, दांड्याच्या लांबीने नव्हे. लांब पेचकस अडचणीच्या खोल जागी पोचतो आणि सरळ धरायला बरा पडतो, एवढाच त्याचा गुण. पुष्कळांचा समज उलटा असतो.

आता इतिहासाकडे वळू. मळसूत्र जुने आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लोक द्राक्षांचा रस आणि ऑलिव्हचे तेल काढायला मोठ्या लाकडी मळसूत्राचे दाबयंत्र वापरत होते. पण दोन वस्तू एकमेकींना जखडण्यासाठी लहानसा लोखंडी स्क्रू वापरावा, ही कल्पना त्यांना सुचली नव्हती. करवत, रंधा, हातोडा ही हत्यारे रोमन सुताराच्या पेटीत होती, पेचकस नव्हता. १९९९ साली न्यू यॉर्कच्या एका वृत्तपत्राने विटोल्ड रिबचिन्स्की या वास्तुशास्त्राच्या प्राध्यापकाला सरत्या सहस्रकातले सर्वांत चांगले हत्यार कोणते, यावर लेख लिहायला सांगितले. ते एकेक हत्यार घेऊन शोधू लागले, तर जे ते हत्यार हजार वर्षांहून जुने निघे. शेवटी त्यांच्या पत्नीने पेचकस सुचवला. त्यावर त्यांनी पुढे एक अख्खे पुस्तकच लिहिले.

जखडण्याचा हा स्क्रू युरोपात पंधराव्या शतकात दिसू लागतो, आणि तोही सुताराकडे नव्हे, शिपायाकडे. चिलखताचे भाग जोडायला आणि तोड्याच्या बंदुकीचा चाप लाकडी दस्त्याला बसवायला तो वापरत. कारण उघड आहे. बार उडाला की हादरा बसतो, आणि हादऱ्याने खिळा सैल पडतो. आटे असलेला स्क्रू लाकूड धरून राहतो, आणि चाप साफ करायचा झाला तर काढताही येतो. पुढे घड्याळे करणाऱ्यांनी तो उचलला.

हे स्क्रू कसे होत असत ते लक्षात घ्या. लोहार दांडी घडवी, तिचा माथा ठोकून रुंद करी, आणि मग कारागीर कानस घेऊन एकेक आटा घासून काढी. एका स्क्रूसारखा दुसरा सहसा होत नसे. बंदूक उघडली तर कोणता स्क्रू कोणत्या भोकातला हे ध्यानात ठेवावे लागे. इतके कष्ट झाल्यावर माथ्यावर फिरवण्यासाठी काहीतरी खूण करायची तर सर्वांत सोपे काय? करवतीचा एक फटकारा. झाली खाच! चौकोनी भोक पाडायचे म्हटले असते तर आणखी वेळ गेला असता. म्हणून खाच आली, आणि खाच आली म्हणून चपट्या पात्याचा पेचकस आला. स्क्रूचा माथा जसा, तसा पेचकस. या हत्याराचा सगळा इतिहास खरे म्हणजे स्क्रूच्या माथ्याचा इतिहास आहे.

१७६० साली इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरच्या जॉब आणि विल्यम वायट या भावांनी लाकडात बसणारे स्क्रू यंत्रावर कापण्याचे पेटंट घेतले. कानशीवर मिनिटे जात तिथे आता काही सेकंदांत काम होऊ लागले. त्यांचा स्वतःचा कारखाना काही चालला नाही. युक्ती मात्र दुसऱ्यांच्या हाती गेल्यावर चालली. १८००च्या सुमारास हेन्री मॉडस्ले याने लंडनमध्ये असे लेथ उभे केले की धातूवर हवे तितके, एकसारखे आटे पाडता यावेत. त्याच्या हाताखाली काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली आट्यांची मापेच ठरवून द्यावीत असा आग्रह धरला. आपल्याकडे जुन्या यंत्रांवर काम करणारे मिस्त्री ज्याला 'इंची आटे' म्हणतात त्याचे मूळ पुष्कळदा या व्हिटवर्थपाशी जाऊन पोचते.

पण हे स्क्रू टोकाला बोथट होते. सुताराने आधी सामत्याने किंवा गिरमिटाने भोक पाडायचे आणि मग स्क्रू आत सोडायचा. अणकुचीदार टोकाच्या स्क्रूचे पेटंट १८४६ साली अमेरिकेत टॉमस स्लोन याने घेतले. १८५४ साली नेटलफोल्ड आणि चेंबरलेन या दोन घराण्यांनी मिळून त्याचे हक्क इंग्लंडात आणले आणि बर्मिंगहॅमजवळ मोठा कारखाना घातला. धंद्यातली आपल्या घराची बाजू सांभाळायला चेंबरलेन यांनी अठरा वर्षांचा मुलगा तिकडे पाठवला. हाच जोसेफ चेंबरलेन पुढे ब्रिटिश साम्राज्याचा वसाहतमंत्री झाला. स्क्रूच्या पैशावर राजकारण उभे राहिले म्हणा ना! आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानांत 'नेटलफोल्ड' हे नाव पुष्कळ वर्षे चालत राहिले ते तिथूनच आलेले.

टोक अणकुचीदार झाले तरी नवशिक्याने सागवानात किंवा बाभळीत स्क्रू तसाच दामटू नये. आधी बारीक भोक पाडावे, आट्यांना थोडे मेण किंवा साबण चोळावा. बाभळीत कोरडा स्क्रू घातला तर लाकूड चिरते, नाहीतर माथा तुटून हातात येतो.

आणि पेचकस खाचेच्या मापाचा घ्यावा. पात्याची रुंदी खाचेच्या लांबीइतकी, आणि जाडी अशी की खाचेत हलू नये. पाते अरुंद असले तर ते खाचेच्या मधोमध टेकते आणि काठ चेंदते. रुंद असले तर बाजूचे लाकूड ओरबाडते. घरोघरी दिवा लागणारा टेस्टर असतो, त्याचे पाते बारीक असते. तो विजेच्या जोडणीतल्या बारक्या स्क्रूंपुरता ठीक. त्याने दाराची बिजागरी बसवायला जाऊ नये. विजेचे काम असेल तर मुख्य बटण बंद केल्याशिवाय कशालाच हात लावू नये, टेस्टरचा दिवा लागो वा न लागो.

फिरवण्याची दिशा तुम्हांला माहीत आहे. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की घट्ट, उलटा फिरवला की सैल. असे का, तर बहुतेक माणसे उजव्या हाताची, आणि उजवा हात त्या दिशेने वळवताना दंडाचा मोठा स्नायू मदतीला येतो. डावखुऱ्यांवर हा अन्यायच आहे. याला एक अपवाद रोज तुमच्या पायाखाली असतो. सायकलचे डावे पायडल उलट्या आट्यांचे असते, नाहीतर ते चालता चालता सैल झाले असते. डावे पायडल काढताना किती जणांनी जोर लावून ते उलट आणखी घट्ट केले असेल, देव जाणे!

आता त्या कापलेल्या हाताची गोष्ट. पीटर रॉबर्टसन हा कॅनडातला एक फिरता विक्रेता. जन्म १८७९चा. गावोगाव फिरून हत्यारे विकायची, चौकात उभे राहून लोकांना ती चालवून दाखवायची, असे त्याचे काम. १९०६ साली मॉन्ट्रियलच्या रस्त्यावर तो स्प्रिंगचा एक पेचकस दाखवत होता. पाते खाचेतून घसरले आणि त्याच्या हातात घुसले. पेचकस चालवणाऱ्या कोणाला हा अनुभव नाही? दुसरा माणूस हाताला चिंधी बांधून पुढच्या गावी गेला असता. रॉबर्टसन मात्र विचार करू लागला की पाते घसरणारच नाही असा माथा का करू नये?

त्याने माथ्यात चौकोनी भोक केले, आत किंचित निमुळते होत जाणारे. चौकोनी भोकाची कल्पना त्याच्याआधीही लोकांना सुचली होती, पण भोक पाडताना माथा फाटे, किंवा खर्च परवडत नसे. रॉबर्टसनने थंड पोलादावरच ठसा दाबून भोक पाडण्याची रीत बसवली, आणि त्यात माथा कमजोर होईना. १९०८ साली त्याने ऑन्टेरिओ प्रांतात मिल्टन या गावी कारखाना काढला, १९०९ साली पेटंट मिळवले. त्याचा स्क्रू पेचकसाच्या टोकावर बसवला की तिथेच राहतो, पडत नाही. म्हणजे एका हाताने काम होते आणि दुसरा हात लाकूड धरायला मोकळा. ज्याने शिडीवर चढून छताला काही बसवले आहे त्याला याची किंमत सांगायला नको.

फर्निचर आणि होड्या करणाऱ्यांनी हा स्क्रू उचलला. मग मोटारींचे कारखाने आले. कॅनडात फोर्डच्या 'मॉडेल टी' गाडीत असे सातशेहून अधिक स्क्रू लागत, आणि त्यामुळे दर गाडीमागे सुमारे २ डॉलर ६० सेंट वाचत, असे सांगतात. हेन्री फोर्डला हे कळल्यावर त्याने अमेरिकेसाठी हक्क मागितले. पण स्क्रू कसा आणि किती करायचा यावर ताबा आपला हवा, ही त्याची अट. रॉबर्टसन आधीच एकदा पोळलेला. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडात धंदा वाढवण्याचा त्याचा बेत फसला होता, आणि ज्यांना हक्क दिले होते त्यांच्याशी त्याचे बिनसले होते. त्याने फोर्डला नाही म्हटले.

हा त्याचा स्वाभिमान की हट्ट? मला स्वतःला तो माणूस आवडतो. पण दुकानदार म्हणून विचार केला तर त्याने जगाची बाजारपेठ हातची घालवली, हेही नाकारता येत नाही. १९५१ साली तो वारला. कॅनडातले सुतार आजही चौकोनी भोकाचा स्क्रू वापरतात, मापाप्रमाणे हिरव्या, लाल आणि काळ्या मुठीचे पेचकस ठेवतात. कॅनडाबाहेर हा स्क्रू त्या मानाने थोडाच दिसतो.

रिकामी राहिलेली ती जागा फुलीच्या स्क्रूने घेतली. त्याला फिलिप्सचा स्क्रू म्हणतात, पण मूळ कल्पना जे. पी. टॉम्सन यांची. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातला हेन्री फिलिप्स याने ती विकत घेतली, सुधारली आणि १९३६ साली पेटंटे मिळवली. अमेरिकन स्क्रू कंपनी या मोठ्या कारखान्याला त्याने हे स्क्रू करायला राजी केले, आणि त्याच साली ते कॅडिलॅक गाड्यांत बसू लागले. फिलिप्सची चाल रॉबर्टसनच्या अगदी उलट. जो मागेल त्याला परवाना. चार-पाच वर्षांत अमेरिकेतले बहुतेक स्क्रूवाले फुलीचे स्क्रू करू लागले. मग दुसरे महायुद्ध आले, विमाने आणि गाड्या झपाट्याने होऊ लागल्या, आणि फुली जगभर पोचली.

फुलीचा गुण असा की यंत्रावर फिरणारे टोक आपोआप मधोमध बसते, नेम धरावा लागत नाही. कारखान्याला हेच हवे होते. तिचा दुर्गुण असा की जोर वाढला की टोक वर उचलले जाते आणि खाचेतून निसटते, कारण फुलीच्या कडा उतरत्या आहेत. स्क्रू फार आवळला जाऊ नये म्हणून हे मुद्दाम केले, असे पुष्कळ ठिकाणी सांगतात. १९३६च्या पेटंटांत तसा हेतू लिहिलेला नाही. तो नंतरच्या पेटंटात येतो. ते काही असो, निसटण्याचा त्रास हाताने काम करणाऱ्याच्या वाट्याला आला. पुन्हा तेच पाहा. खाच स्क्रू करणाऱ्याच्या सोयीची होती, फुली कारखान्याच्या सोयीची निघाली.

म्हणून फुलीचा स्क्रू काढताना पेचकस आधी सरळ दाबून धरायचा आणि मग फिरवायचा. दाबण्याचा जोर फिरवण्याच्या जोराहून कमी नको. फुलीला नंबर असतात. घरात दोन नंबरचा सर्वांत जास्त लागतो, रेडिओ किंवा खेळण्यांतल्या बारक्या स्क्रूंना एक किंवा शून्य. आणखी एक गोम आहे. फुली दिसते म्हणजे ती फिलिप्सचीच असे नाही. फुलीच्या चार हातांच्या मध्ये बारीक रेषा दिसल्या तर तो पॉझिड्राइव्ह, त्याचे टोक निराळे. जपानी बनावटीच्या यंत्रांत आणि मोटारसायकलींत येणारी फुलीही थोडी वेगळी असते. तिच्यावर पुष्कळदा एक बारीक ठिपका असतो. या दोन्हींत फिलिप्सचा पेचकस बसतो, पण नीट बसत नाही. षटकोनी भोकाचे स्क्रू आणि त्यांची काटकोनात वाकलेली एलन की सायकलवाल्यांनी पाहिली असेल. अमेरिकेतल्या विल्यम ॲलन यांचे ते पेटंट १९१०चे. सहा पाकळ्यांचा टॉर्क्स १९६७चा. तो निसटत नाही, म्हणून नव्या यंत्रांत वाढत चालला आहे.

काम करताना वस्तू तळहातावर धरून पेचकस चालवू नका. वस्तू शेगड्यात आवळा, नाहीतर पाटावर टेकवा. मुलांच्या हाती पेचकस देताना मी हे पहिल्यांदा सांगतो, आणि रॉबर्टसनची गोष्ट सांगितली की ते त्यांच्या लक्षात राहते.

माझी स्वतःची एक फजिती सांगतो. शाळेतल्या शिवणयंत्राचे झाकण उघडायचे होते. स्क्रू फुलीचा, माझ्याकडे होता तो एक नंबर लहान पेचकस. मी नेटाने फिरवत राहिलो, आणि फुलीचा नुसता गोल खळगा करून ठेवला. गावातल्या वयस्क मिस्त्रींना बोलावले. त्यांनी पाहिले आणि म्हणाले, "मास्तर, इस्क्रूची काही चूक नाही बरं का. पाना चुकलाय तुमचा." मग सायकलच्या जुन्या ट्यूबचा बोटभर तुकडा कापला, त्या खळग्यावर ठेवला, योग्य मापाचा पेचकस त्यावर टेकवून अंगाचा भार दिला आणि सावकाश फिरवले. रबराने खळगा भरून निघाला, टोकाला पकड मिळाली, आणि स्क्रू कुरकुरत बाहेर आला. पैसे विचारले तर म्हणाले, "चहा पाजा, झालं." तो स्क्रू मी काडेपेटीत घालून ठेवला. मिस्त्रींच्या सांगण्यावरून ट्यूबचा तुकडाही त्यातच ठेवला, आणि त्यानंतर दोनदा तो उपयोगी पडला.